खाली ये, पोहायला शिकवते

२ मार्च, सोमवार

आज माझ्या बॅचचा अपमान झाला. तारखेसह लिहून ठेवते.

सकाळची साडेसहाची महिलांची बॅच. बावीस बायका पाण्यात. मी काठावर उभी राहून पाय मारण्याचा सराव घेत होते. एकाएकी सगळ्या पाण्यातून बाहेर. कुणी टॉवेल ओढतंय, कुणी कपडे बदलायच्या खोलीकडे पळतंय. मी शिट्टी वाजवली, ओरडले, "सुट्टी कुणी दिली?" तेव्हा बॅचमधल्या नर्सबाईंनी माझा दंड धरून वर बोट दाखवलं. तलावावर दोन मजले उंचीवर एक ड्रोन लटकला होता. काळा, चार पायांचा, पोटाखाली कॅमेरा. निवांत आमच्याकडे बघत होता.

बायका म्हणतात, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा आवाज येत होता. मला तर काही आला नाही. घाबरलेल्या माणसाला नसलेले आवाजही ऐकू येतात.

एकतीस वर्षं मी पोहायला शिकवतेय. पाण्याला घाबरणाऱ्या बायकांची भीती घालवण्यात माझी हयात गेली. आता वरून येणारी भीती घालवायची आहे, एवढंच.

३ मार्च, मंगळवार

नऊजणी आल्या. तेरा गायब.

दोघी जावा आल्या नाहीत. या दोघी एका घरात राहून जमिनीवर एकमेकींशी बोलत नाहीत, पाण्यात मात्र बोलतात. सकाळचा एवढा एक तास त्यांच्या घरात शांतता असते म्हणे. कॅमेऱ्याची गोष्ट सासूबाईंच्या कानावर गेली आणि दोघींचंही येणं बंद झालं.

दुपारी क्रीडा अधिकाऱ्यांकडे गेले. साहेब फाइलमध्ये बघत काहीतरी पुटपुटले. तीनदा विचारल्यावर मान वर करून म्हणाले, "महिनाअखेरीला हजेरी मोजणार. पंधराच्या खाली गेली तर सकाळची वेळ क्लबच्या मुलांना द्यावी लागेल. नियम आहे."

मी म्हटलं, "नियम ड्रोनलाही सांगा."

ते म्हणाले, "तो माझ्या खात्यात येत नाही."

५ मार्च, गुरुवार

पोलीस चौकीत तक्रार दिली. हवालदारांनी लिहून घेतलं: वस्तूचे वर्णन, उडणारी. मालक, अज्ञात. त्यांनी बजावलं, "दगड मारू नका, पाडू नका. खाली कुणाच्या डोक्यात पडला तर गुन्हा तुमच्यावर."

आमचा पंपवाला गलोल घेऊनच बसला होता. गाळणी, क्लोरीन, पंप हे सगळं तो एकटा बघतो. बायकांच्या वेळेत पंपाच्या खोलीबाहेर पाऊल टाकत नाही, असा सज्जन. गलोल मी काढून घेतली. तर म्हणाला, "मग पाणी मारू? पाणी मारायला कुणाची बंदी आहे?"

मुद्दा बरोबर होता. फरशी धुवायचा मोठा पाइप त्याने खोलीतूनच जोडून दिला. ड्रोन सातला पाच कमी असताना आला. मी स्वतः पाइप धरला. नेम चांगला होता, हे मी नाही, नर्सबाई म्हणाल्या. पण ड्रोन हातभर वर सरकला आणि ते सगळं पाणी वळून मावशींच्या अंगावर कोसळलं. मावशी बॅचमध्ये सगळ्यांत वयस्कर, अडुसष्ट वर्षांच्या; त्या दिवशी लवकर आटपून, कोरडे कपडे घालून घरी निघाल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं पाण्यात उतरायला मी भीत होते. पाणीच माझ्याकडे चालून येईल असं वाटलं नव्हतं."

९ मार्च, सोमवार

नर्सबाईंनी एक सुचवलं. कुणीतरी एकीने माझ्या मागे पहाऱ्याला उभं राहायचं आणि ड्रोन आला की माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. "आरडाओरडा नको, कोचबाई. घबराट होते." कल्पना मला लगेच पटली. खरं तर दोन दिवसांपासून माझ्याही मनात असलंच काही घोळत होतं.

आज थाळ्यांचा प्रयोग केला. प्रत्येकीने घरून घासूनपुसून स्टीलची थाळी आणली. उन्हाचा कवडसा थेट कॅमेऱ्याच्या डोळ्यात मारायचा. खांद्यावर हात पडला, मी शिट्टी दिली, दहा थाळ्या एकदम वर गेल्या. शिस्त बघण्यासारखी होती.

ऊन तेवढं नव्हतं. शेजारी नवा टॉवर झालाय, अजून रिकामाच आहे. सूर्य त्याच्यामागून साडेसातला वर येतो. आमची बॅच साडेसातला संपते.

१० मार्च, मंगळवार

थाळ्या परत नेताना अदलाबदल झाली. एकीची थाळी सापडत नाही. सगळा संशय माझ्यावर. माझ्या घरी थाळ्या तीनच आहेत, हवं तर येऊन मोजा म्हटलं.

१३ मार्च, शुक्रवार

फुगे. गॅसचे बारा मोठे फुगे, माशाच्या गळाच्या दोरीने तलावाच्या चारी बाजूंना बांधले. ड्रोन जवळ आला तर पंख्यात दोरी अडकेल या धास्तीने लांब राहील, असा हिशोब. पहिली दहा मिनिटं तो खरंच लांब राहिला. माझी छाती फुगली. मग वारा सुटला. बाराही फुगे एकमेकांत गुंतून एका बाजूला झुकले आणि झाडात जाऊन अडकले. ड्रोन सावकाश आला, झाडाभोवती एक फेरी मारली आणि फुग्यांचंही चित्रण करून गेला.

आज आठजणी. माघार घेणाऱ्यांतली मी नाही, पण आठ हा आकडा वाईट आहे.

१६ मार्च, सोमवार

आज मार्ग सापडला, आणि तो मावशींनी सुचवला. श्रेय ज्याचं त्याला द्यावं.

पाण्यात सगळ्यांची बैठक घेतली. पाय मारणं चालूच होतं, पाणी उडत होतं. मी एकेकीला विचारत गेले, पुढे काय करायचं. मावशी कमरेएवढ्या पाण्यात काठाचा दांडा धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला तर काही छत्री वाटत नाही."

वाक्यरचना जरा विचित्र होती, पण मुद्दा लख्ख होता. मी टाळी वाजवली. "छत्री. शाब्बास, मावशी." सगळ्या एकदम गप्प झाल्या. मग नर्सबाई हसल्या, मग सगळ्याच हसल्या. वरून बघणाऱ्याला काय दिसेल? छत्री. इतकं सोपं उत्तर असलं की माणसाला हसू येतंच.

निघताना मावशी म्हणाल्या, "मी 'खात्री' म्हटलं होतं हो." या वयात माणसाला आपलंच बोलणं आठवत नाही. मी वाद घातला नाही.

१८ मार्च, बुधवार

छत्री घेऊन पोहता येत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

उताणं तरंगायचं. एका हातात छत्री, छातीच्या वर सरळ. दुसरा हात अंगालगत. आता पुढे सरकायला उरले फक्त पाय. गुडघा वाकवला की बूड खाली जातं आणि छत्रीत पाणी भरतं. म्हणजे पाय सरळ, मांडीतूनच मारायला हवेत. गेली दोन वर्षं हेच मी घसा कोरडा करून सांगत होते. छत्रीने ते वीस मिनिटांत शिकवलं.

ड्रोन आला. खांद्यावर हात, माझी शिट्टी, आणि आठ छत्र्या उघडल्या. वर थांबलेल्याला छत्र्यांशिवाय काही दिसलं नसणार. बराच वेळ घुटमळला, मग गेला.

आणि मावशी. मावशींनी आज दांडा सोडला. छत्री सांभाळायच्या नादात आपण दांडा सोडलाय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. पाच मीटर गेल्या. मी काही बोलले नाही. बोलले असते तर बुडाल्या असत्या.

२० मार्च, शुक्रवार

खालच्या मजल्यावरचे गृहस्थ पुन्हा टीव्हीच्या आवाजाची तक्रार घेऊन आले. काही माणसांचे कान फारच नाजूक असतात.

छत्र्या रस्त्यावरून दिसतात. कुंपणापलीकडच्या थांब्यावर उभ्या असणाऱ्या दोघी आज आत येऊन विचारत होत्या, "हा कसला वर्ग आहे?" मी म्हटलं, "पोहण्याचा. छत्री तुमची, पाणी आमचं." दोघींनी नाव नोंदवलं. जुन्यांतल्या आणखी दोघी आणि जावाही परतल्या. सासूबाई म्हणाल्या म्हणे, छत्रीखाली असाल तर जा.

चौदा झाल्या. एक हवी.

२४ मार्च, मंगळवार

ड्रोन अजून येतोच. दुरून बघतो आणि बायकांनी छत्र्या मिटायची वाट बघत घिरट्या घालतो. नुसतं लपून किती दिवस काढायचे? लपणं मला शोभत नाही. आपण त्याच्याशी बोललं पाहिजे, असं मी म्हटलं. तो वरून वाचू शकतो. तर वाचू दे.

अकरा काळ्या छत्र्या जमवल्या. पांढऱ्या रंगाने प्रत्येकीवर एक अक्षर. काय लिहायचं यावर तासभर चर्चा झाली. पंपवाल्याने खोलीच्या दारामागून तीन वाक्यं सुचवली, ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. नर्सबाई म्हणाल्या, "लाज नाही वाटत का, असं लिहू." मी नको म्हटलं. माझ्या तलावावर येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगत आलेय. तीच याला सांगायची: खाली ये, पोहायला शिकवते.

अकरा अक्षरं, अकरा बायका. उरलेल्या तिघी काठावर.

२६ मार्च, गुरुवार

काल जमिनीवर तालीम झाली. रांगेने तलावाच्या लांब कडेपासून सुटायचं आणि सगळ्यांनी एका ओळीत पलीकडे जायचं. पहिल्या खेपेला "पोहायला कशिवते" झालं. दुसऱ्या खेपेला "ला" वाटेतच थांबून बुटाची नाडी बांधत बसली.

आज पाण्यात. ऐन वेळी नवीनच अडचण. धाकट्या जावेकडे "खा" होतं, थोरलीकडे "ये". म्हणजे रांगेत धाकटी पहिली, थोरली तिसरी. थोरली म्हणाली, "मी हिच्या मागे उभी राहणार नाही. घरात नाही, तर इथे का राहू?" धाकटी म्हणाली, "राहा की पुढे, मला काय." आणि दोघी पाण्यात उतरल्या. समजूत घालायला वेळ नव्हता, खांद्यावर हात पडला होता. थोरली आपलं "ये" घेऊन सरळ ओळीच्या सुरुवातीला गेली.

शिट्टी. अकरा छत्र्या एकदम उघडल्या आणि पलीकडच्या काठाकडे निघाल्या. ये खाली पोहायला शिकवते. अर्थ तसूभरही बदलला नाही. आपल्या भाषेचे उपकार.

ओळ थोडी वाकडी होती. सगळ्यांत मागे मावशी, शेवटचं "ते" घेऊन. खाली खोल पाणी, आणि चेहऱ्यावर मात्र बाजारातून परत निघाल्यासारखी शांतता. एकतीस वर्षांत मी पुष्कळ पदकं बघितली. त्यांतली दोन माझी स्वतःची आहेत. आज जे बघितलं त्याच्या शेजारी ती ठेवायला मला संकोच वाटेल.

ड्रोन आधी स्थिर राहिला. मग, बायका म्हणतात, आवाज बदलला, आणि टॉवरच्या दिशेने निघून गेला.

२८ मार्च, शनिवार

तो खाली आला.

बॅच संपल्यावर फाटकाशी एक तिशीचा माणूस, पाठीला पिशवी. पंपवाल्याने त्याला आत सोडलं, पण बाहेर जायच्या वाटेत स्वतः उभा राहिला. शेजारच्या टॉवरच्या विक्री कार्यालयाने त्याला चित्रणाचं काम दिलंय. खिडकीतून निळं पाणी दिसतं, हे गिऱ्हाइकाला दाखवायचं. सकाळचा उजेड चांगला, म्हणून सातची वेळ.

म्हणाला, "मॅडम, सगळ्या चित्रणात छत्र्या आल्यात. माझं काम वाया गेलं."

मी म्हटलं, "माझ्या तेरा बायका वाया जाणार होत्या. आधी त्यांचं बोलू."

"पण मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. मला फक्त पाणी दिसायचं. माणसं म्हणजे नुसते ठिपके."

"ते ठिपके माझे आहेत."

तो वाईट माणूस नव्हता. त्याने फक्त कधी खालून वर बघितलं नव्हतं. नर्सबाईंनी त्याला काठावर उभं केलं आणि सांगितलं, "आता वर बघा आणि समजा की अंगावर एवढेसेच कपडे आहेत." त्याने वर बघितलं. कान लाल झाले. मग म्हणाला, "सगळं पुसतो. तुमच्यासमोर पुसतो."

पुसायच्या आधी मी एकदा बघून घेतलं. आवाज नव्हता, नुसतं चित्र. वरून मी केवढीशी दिसते. पण एक गोष्ट लक्षात आली. पहारा ठरायच्या आधीपासून, दर दिवशी, प्रत्येक मिनिटाला माझ्या मागे कुणीतरी उभी आहे. दर वेळी वेगळी. मी डावीकडे गेले की ती डावीकडे. पाण्यातून कुणी हात वर केला की ती माझ्या खांद्याला हात लावते, मग मी वळते. पाळ्याच लावून घेतल्यात. मी इतकं करायला सांगितलं नव्हतं. चांगली शिस्त लावली की ती आपोआप वाढत जाते.

जाताना त्याने विचारलं, "खरंच शिकवता का?" म्हटलं, "पुरुषांची बॅच संध्याकाळी साडेपाचला. पोहायचा चष्मा घेऊन या. ड्रोन घरी ठेवा."

३१ मार्च, मंगळवार

साहेब हजेरी मोजायला आले. एकोणीस. त्यांनी दोनदा मोजलं. वर आकाश रिकामं होतं, छत्रीची गरज नव्हती, तरी बायकांनी त्यांना छत्र्या घेऊन एक फेरी करून दाखवली. साहेब म्हणाले, क्लबच्या मुलांनाही असे पाय मारता येत नाहीत. हे वाक्य मी त्यांच्याकडून वहीत लिहून घेतलं आणि खाली सही मागितली.

बॅच राहिली. सकाळची साडेसहाची वेळ आमची.

१ एप्रिल, बुधवार

हे लिहावं की नाही, तासभर विचार केला. विजय लिहिला, तर हेही लिहायला हवं.

आता ड्रोन नाही, तर पहारा कशाला, म्हणून आज मीच सगळ्यांना पाण्यात पाठवलं. नर्सबाई नको म्हणत होत्या. मी ऐकलं नाही. नव्या मुलींना उथळ भागात श्वास घ्यायला शिकवत होते, खोल भागाकडे पाठ. एकाएकी समोरच्या मुलींचे चेहरे बदलले. त्या माझ्या मागे बघत होत्या. मी वळले.

धाकट्या जावेच्या पायात गोळा आला होता. डोकं पाण्याखाली जाऊन वर येत होतं. थोरली तिच्यापर्यंत पोहोचली होती, पण तिलाही धाकटीचा भार पेलत नव्हता. मी उडी मारली. दोघींना काठाशी आणलं. धाकटी खोकली, पाणी ओकली, मग रडली. थोरली तिचा पाय चोळत होती आणि तिला रागावत होती. कोरड्या फरशीवर बसून.

सगळं ठीक झालं. मग धाकटी साधेपणाने म्हणाली, "कोचबाई, मी तुम्हाला तीन हाका मारल्या."

तीन. पंधरा मीटरवरून. जिवाच्या आकांताने मारलेल्या हाका.

ड्रोनचा आवाज आला नाही तर चालतं. टीव्ही मोठा लावता येतो. ही हाक ऐकू यायला हवी होती.

२ एप्रिल, गुरुवार

बॅच सुरू व्हायच्या आधी नर्सबाईंना बाजूला घेतलं. रात्रभर वाक्य जुळवलं होतं तरी नीट आलं नाही. म्हटलं, "तुमच्या दवाखान्यात कानाचे डॉक्टर असतात ना. नंबर लागायला किती दिवस जातात?"

नर्सबाई माझ्या समोर येऊन उभ्या राहिल्या. माझ्याशी बोलताना त्या नेहमी अशाच समोर येतात, हे आज ध्यानात आलं. म्हणाल्या, "नंबर लावलेला आहे, कोचबाई. सोमवारचा. दर महिन्याला लावतो आणि दर महिन्याला पुढे ढकलतो. गेलं वर्षभर."

"ढकलतो म्हणजे कोण?"

"सगळ्याजणी."

मला राग यायला हवा होता. एकतीस वर्षांच्या कोचच्या पाठीमागे कारस्थान. मी रागवायचा प्रयत्न केला. मग विचारलं, "छत्रीच्या दिवशी मावशी काय म्हणाल्या होत्या?"

"खात्री," नर्सबाई म्हणाल्या. "पण छत्रीच बरी होती."

आज पहाऱ्याला मावशी होत्या. मी त्यांना पाण्यात पाठवलं नाही. म्हटलं, उभ्या राहा, आणि हात जरा जोरात ठेवा.

६ एप्रिल, सोमवार

बॅच संपवून थेट दवाखान्यात गेले. छोट्या बंद खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बराच वेळ काही येईना. यंत्र बंद आहे असं सांगणार होते, पण काचेपलीकडे तंत्रज्ञ मुलगी यंत्राच्या चकत्या फिरवत होती आणि कागदावर खुणा करत होती. तेव्हा कळलं की आवाज येतायत. मी बटणावर अंगठा ठेवून बसून राहिले. मग एक आला, बारीकसा. मी बटण इतक्या जोरात दाबलं की ती मुलगी हसली.

डॉक्टर तरुण होते, पण समोर बघून सावकाश बोलणारे. दोन्ही कानांना मशीन लागेल. वरच्या पट्टीचे आवाज गेलेत, खालच्या पट्टीचे शाबूत आहेत. मी विचारलं, "शिकवता येईल?" म्हणाले, "आतापर्यंत कसं शिकवलंत, हेच मला कळत नाही." मी म्हटलं, "पद्धत आहे माझी." मग स्वतःशीच ओशाळले आणि म्हटलं, "माझी नाही."

मशीन काठावर लावता येईल, पाण्यात उतरताना काढावं लागेल, सवय व्हायला महिना जाईल, हे सगळं त्यांनी कागदावर लिहून दिलं. म्हणाले, "सूचना घरच्या माणसाला समजावून सांगायच्यात. सोबत कुणी आलंय?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर त्यांनी दार उघडलं.

बाहेरच्या सगळ्या बाकांवर बायका बसल्या होत्या. एकोणीस. केस अजून ओले, पिशव्या मांडीवर. मावशींच्या शेजारी थोरली, थोरलीच्या शेजारी धाकटी. पंपवाला जिन्याजवळ पाठ करून उभा होता, सवयीने. बाकीच्या पेशंटांना बसायला जागा उरली नव्हती.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "या सगळ्या तुमच्या कोण?"

मी ताठ उभी राहिले. शिट्टी गळ्यातच होती.

"बॅच आहे माझी," मी म्हटलं.